हिरकणीची गोष्ट आणि ‘एककल्ली’ माणसे

महाडहून रायगडाकडे निघाले की पाचाडच्या पुढे गडाच्या पायथ्याशी हिरकणीवाडी लागते. १९९६ साली सुरू झालेल्या रोपवेचे खालचे स्थानक याच वाडीत आहे. सहलीला आलेली मुले पाळण्यात बसतात आणि काही मिनिटांत माथ्यावर पोचतात. वाटेत काळ्या कातळाची उभी भिंत पाहून त्यांतले कोणीतरी विचारते, “अशा कड्यावरून ती खरंच उतरली असेल?” प्रश्न चांगला आहे. आपण मात्र ‘आईची माया, दुसरे काय!’ एवढे बोलून पुढच्या ठिकाणाकडे वळतो.

गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. हिरकणी नावाची गवळण गडावर दूध घालायला येते. एके दिवशी तिला उशीर होतो आणि गडाचे दरवाजे बंद होतात. घरी तान्हे मूल आहे. ती पहारेकऱ्यांची विनवणी करते, पण नियम म्हणजे नियम. तेव्हा ती एका अवघड कड्यावरून रातोरात उतरून घर गाठते. महाराजांना हे कळल्यावर ते साडीचोळी देऊन तिचा गौरव करतात आणि त्या जागी बुरूज बांधवतात. बुरूज आजही आहे आणि त्याला तिचेच नाव आहे. बाकीची गोष्ट मात्र लोकांच्या तोंडून आपल्यापर्यंत आली आहे. ती आख्यायिका आहे, आणि वर्गात सांगताना तसे स्पष्ट म्हणावे.

या लेखात आम्ही या गोष्टीकडे एका विशिष्ट स्वभावाच्या माणसाचे वर्णन म्हणून पाहणार आहोत. सगळे लक्ष एकाच कामावर लावणारी, चारचौघांच्या होकाराची वाट न पाहता स्वतः निर्णय घेणारी माणसे आपल्या आजूबाजूला असतात. मराठीत त्यांच्यासाठी शब्दांची वाण नाही. एकमार्गी, छांदिष्ट, हेकट, एकलकोंडा आणि सर्वांत जास्त वापरला जाणारा एककल्ली. यांतला एकही शब्द निखळ कौतुकाचा नाही. हिरकणीला मात्र आपण यांपैकी काहीच म्हणत नाही, कारण तिचा हट्ट मुलासाठी होता. मागच्या बाकावर बसून जुना रेडिओ खोलणाऱ्या मुलाचा हट्ट कोणासाठीच नसतो, म्हणून तो एककल्ली ठरतो. वागणे सारखेच, पण एकाला बुरूज आणि दुसऱ्याला प्रगतिपुस्तकातला शेरा. शिक्षकांनी विचार करावा असे यात काहीतरी आहे.

‘का’ सांगितले, ‘कसे’ राहिले

या गोष्टीवर आमचा पहिला आक्षेप असा, की ती ‘का उतरली’ हे सांगते आणि ‘कशी उतरली’ याबद्दल गप्प बसते. ‘का’चे उत्तर खोटे नाही. बाळाला पाजण्याची वेळ टळली की आईच्या शरीरालाच ते कळते. दूध पाजणाऱ्या मादी उंदरांवर झालेल्या प्रयोगांत त्यांच्या शरीराची ताणाला मिळणारी प्रतिक्रिया एरवीपेक्षा मंदावलेली दिसली आहे. मायेला शरीराचाही आधार आहे, असे म्हणायला हरकत नाही.

परंतु मायेने बोटांना पकड सापडत नाही. त्या संध्याकाळी आणखीही काही जणी गडावर अडकल्या असत्या, त्यांचीही तान्ही मुले घरी असती, तर त्या सगळ्या उतरल्या असत्या का? प्रेरणा सारखी असूनही एकीला जमते आणि दुसरीला जमत नाही, तेव्हा फरक प्रेरणेबाहेर शोधला पाहिजे. तो शोधायचा तर आधी कडा पाहावा लागेल.

रायगडचा कातळ दख्खनच्या लाव्ह्याचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले. प्रत्येक थराचा आतला भाग घट्ट आणि कठीण असतो, तर वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र आणि त्यामानाने ठिसूळ. ठिसूळ भाग लवकर झिजतो, कठीण भाग उभा राहतो. त्यामुळे सह्याद्रीचे कडे लांबून एकसंध भिंतीसारखे दिसले तरी त्यांत आडवे टप्पे असतात. लाव्हा थंड होताना आकसल्यामुळे त्यात उभ्या भेगाही पडतात. हा कडा अशक्य नाही, पण ज्याला टप्पे आणि भेगा ठाऊक आहेत त्याच्यासाठीच. त्यातही उतरणे चढण्यापेक्षा अवघड. चढताना पुढची पकड डोळ्यांसमोर असते. उतरताना ती पायाखाली असते आणि मध्ये आपलेच शरीर येते, म्हणून पायाने चाचपून ठरवावे लागते. गिर्यारोहक सांगतात, तीन आधार पक्के असल्याशिवाय चौथा हलवू नये. (हे समजून घेण्यापुरते आहे. कोणीही, विशेषतः विद्यार्थ्यांनी, असा प्रयोग करू नये.)

आता त्या रात्रीकडे पाहू. अनेक जण कोजागिरीची रात्र होती असे सांगतात आणि दोन वाक्यांनंतर ‘किर्र काळोख’ म्हणतात. चौकस मुलाला हे खटकते. ते सुटते का, पाहू. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास पूर्वेला उगवतो. हिरकणी बुरूज गडाच्या पश्चिम टोकाला आहे. चंद्र पूर्वेकडून वर येत असताना पश्चिमेच्या कड्यावर गडाचीच सावली पडणार. आश्विनातला पूर्ण चंद्र आपल्याकडे मध्यरात्रीच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर येतो, आणि त्यानंतरच पश्चिमेच्या उभ्या कड्यावर थेट चांदणे पडू लागेल. माथ्यावर टिपूर चांदणे आणि कड्यावर अंधार, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. पुठ्ठ्याचे खोके आणि टॉर्च घेऊन वर्गात हे पाच मिनिटांत दाखवता येईल.

अंधाराला डोळे पुरते सरावायला साधारण अर्धा तास लागतो. सरावल्यावरही ज्या दगडाकडे रोखून पाहावे तोच नीट दिसत नाही, कारण दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूशी अंधुक प्रकाशात काम करणाऱ्या दंडपेशी नसतात. नजर थोडी बाजूला ठेवावी लागते. शिवाय पावसाळा नुकताच संपलेला, भेगांतून पाणी पाझरते आहे, टप्प्यांवर गवत माजले आहे. गवताखाली दगड आहे की पोकळी, हे गवत कसे झुकते त्यावरून ओळखायचे. हे ज्ञान एका रात्रीत येत नाही. गोष्टीतली हिरकणी रोज गड चढते-उतरते. गुरे वळणारी, गवत कापणारी माणसे याच उतारांवर वाढतात. तिचे धैर्य आम्ही नाकारत नाही, पण त्या धैर्याला वर्षांच्या सरावाचा आधार होता. गोष्टीने तो गाळला, आणि त्याबरोबर तिची बुद्धीही गाळली.

या मुद्द्याला मानसशास्त्रात चांगला पुरावा आहे. १९७३ साली विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या अमेरिकन संशोधकांनी बुद्धिबळपटूंवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. खऱ्या डावातला पट पाच सेकंद दाखवला, तर निष्णात खेळाडू बहुतेक सोंगट्या आठवून मांडू शकत. नवशिक्याला चारपाच जमत. पण सोंगट्या कशाही विखरून ठेवल्या, की निष्णात खेळाडूचा वरचष्मा जवळजवळ नाहीसा होई. त्याच्याकडे सर्व कामांना पुरणारी जादूची एकाग्रता नव्हती. एका विषयाशी दीर्घ ओळख होती, आणि त्या ओळखीमुळे त्याचे लक्ष योग्य जागी जात होते. हिरकणीला अनोळखी डोंगरावर सोडले असते, तर तीही सकाळची वाट पाहत बसली असती.

प्रकार की कल?

इथे कोणी म्हणेल, काही माणसे मुळातच ‘तशा प्रकारची’ असतात. माणसांचे प्रकार पाडण्याची हौस जुनी आहे. ग्रीक वैद्यांनी शरीरातील चार द्रवांवरून चार स्वभाव मानले. आपल्याकडे वात, पित्त, कफ या प्रकृती आहेत. स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ साली अंतर्मुख आणि बहिर्मुख ही विभागणी मांडली. तिच्या आधारे कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी माणसांचे सोळा प्रकार पाडणारी चाचणी तयार केली. नोकरीच्या मुलाखतींपासून करिअर मार्गदर्शनाच्या शिबिरांपर्यंत तिचे अनेक अवतार दिसतात. ‘एकाग्र आणि स्वतंत्र वृत्तीचा’ हा त्यांतलाच एक साचा.

यात अडचण कोठे आहे? परीक्षेचे उदाहरण घ्या. ३५ गुणांवर उत्तीर्ण आणि खाली अनुत्तीर्ण अशी रेघ आपण सोयीसाठी ओढतो. पण ३४ आणि ३६ गुणांची मुले दोन वेगळ्या जातीची नसतात. स्वभावाच्या बहुतेक मोजमापांत माणसे मध्याजवळ दाटलेली असतात आणि टोकाला थोडी. मधोमध रेघ मारून दोन प्रकार केले, की रेघेजवळचा माणूस आज एका बाजूला तर पुढच्या महिन्यात दुसऱ्या बाजूला जातो. ही चाचणी पुन्हा दिल्यावर अनेकांचा प्रकार बदलतो, तो यामुळेच.

तरीही वर्णन ‘अगदी माझेच’ का वाटते? बर्ट्रम फोरर या प्राध्यापकांनी १९४८ साली आपल्या ३९ विद्यार्थ्यांची एक चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचे वर्णन लिहून दिले. ते कितपत जुळते याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी ४.२६ आली. मग उघड झाले की सर्वांना एकच वर्णन दिले होते, आणि तेही बाजारात मिळणाऱ्या राशिभविष्याच्या पुस्तकातून घेतलेले! नववी-दहावीच्या वर्गात हा प्रयोग जरूर करावा. एका तासात मुले जे शिकतील, ते दहा व्याख्यानांनी होणार नाही.

तिसरी गोष्ट शिक्षकांच्या अनुभवातली आहे. वॉल्टर मिशेल यांनी १९६८ साली दाखवून दिले, की एका परिस्थितीतले वागणे पाहून दुसऱ्या परिस्थितीतल्या वागण्याचा अंदाज बांधायला गेले तर तो फारसा जमत नाही. दोहोंतला सहसंबंध सहसा ०.३ च्या आसपासच राहतो. गृहपाठाची वही रोज विसरणारा मुलगा घरची पंधरा शेरडे एकही न हरवता संध्याकाळी परत आणतो. त्याला ‘विसराळू’ म्हणायचे की ‘दक्ष’? तथापि दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एकाच माणसाला पुष्कळ दिवस, पुष्कळ प्रसंगांत पाहिले आणि सरासरी काढली, तर काही कल स्थिर दिसतात. म्हणून स्वभाव ही भ्रामक गोष्ट आहे असे आमचे म्हणणे नाही. ‘प्रकार’ टिकत नाही, ‘कल’ टिकतो, आणि कल ओळखायला एक प्रसंग पुरत नाही. हिरकणीची गोष्ट एकाच रात्रीची आहे. तेवढ्यावर तिचा स्वभाव ठरवणे हा गोष्टीचा नव्हे, आपला दोष आहे.

नात्याचे चिंतामणराव

एका रात्रीऐवजी संपूर्ण आयुष्य तपासायचे, तर नोंदी असलेले माणूस हवे. त्यासाठी लांब जायला नको. महाडहून रायगडाकडे येताना नाते हे गाव लागते. तिथे १८९६ साली चिंतामणराव देशमुख यांचा जन्म झाला. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. केंब्रिजला त्यांनी निसर्गविज्ञान घेतले आणि वनस्पतिशास्त्रात पारितोषिक मिळवले. १९१८ साली आय. सी. एस. परीक्षेत ते पहिले आले. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, पुढे केंद्रीय अर्थमंत्री झाले. कालिदासाच्या ‘मेघदूता’चे त्यांनी मराठीत भाषांतर केले. १९५६ साली, मुंबईला महाराष्ट्रापासून वेगळे ठेवण्याच्या प्रश्नावर त्यांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला.

‘एककल्ली’ हा शब्द या आयुष्याला लावून पाहा. वनस्पतिशास्त्र, संस्कृत, नाणेव्यवहार आणि राज्यकारभार ही चार वेगळी रानेे आहेत. एकाग्र माणूस एकाच विषयाला जन्मभर चिकटतो, ही समजूत इथे बसत नाही. हाती घेतलेल्या विषयात खोल जाण्याची सवय कायम राहिली, विषय बदलत गेले. त्यांचे स्वातंत्र्यही पाहा. सुमारे वीस वर्षे सरकारी सेवेत, मग बँकेत, मग मंत्रिमंडळात, म्हणजे ते सतत नियमांच्या चौकटीत काम करीत होते. ‘स्वतंत्र वृत्तीचा माणूस उठसूट नियम मोडतो’ हे त्यांच्या बाबतीत खरे नाही. न पटणारी गोष्ट आली तेव्हा पद सोडण्याची तयारी मात्र होती.

हा धागा घेऊन हिरकणीकडे परत गेले, तर गोष्टीतला एक दुर्लक्षित तपशील दिसतो. तिने आधी दरवाजावर जाऊन विचारले. परवानगी मागितली, कारण सांगितले. नाही म्हटल्यावर ती भांडत बसली नाही, आणि नशिबाला दोष देत निजलीही नाही. तिने दुसरी वाट शोधली. स्वतंत्र माणूस आणि हेकट माणूस यांतला फरक इतका नेमका दाखवणारी दुसरी लोककथा सहज आठवत नाही. पण आपण हा प्रसंग केवळ करुण रस आणण्यासाठी वापरतो.

बुरूज बांधला, दरवाजा तसाच

गोष्टीचा शेवट वैज्ञानिक दृष्टीने फार मोलाचा आहे. या कड्यावरून माणूस जाऊ-येऊ शकत नाही, असा सर्वांचा समज होता. एका बाईने तो एका रात्रीत खोटा ठरवला. एका उलट उदाहरणाने सिद्धान्त ढासळतो, हे विज्ञानात आपण शिकवतोच. महाराजांनी तिला नियमभंगाची शिक्षा केली नाही. त्यांनी त्या घटनेकडे माहिती म्हणून पाहिले. गडाचा एक कच्चा दुवा कळला, तो बुजवला आणि कळवणारीचा सन्मान केला. वर्गातला हट्टी विद्यार्थी आपल्या पद्धतीतली फट दाखवतो, तेव्हा आपण असे वागतो का?

मात्र इथेच गोष्टीला आमचा दुसरा आक्षेप आहे. बुरूज बांधल्याने शत्रूची वाट बंद झाली, तशी पुढच्या हिरकणीचीही झाली. दरवाजाचा नियम बदलला का, तान्हे मूल घरी असलेल्या बाईसाठी काही सोय झाली का, याबद्दल गोष्ट काहीच सांगत नाही, आणि आपणही विचारत नाही. एसटीच्या स्थानकांवर तान्ह्या मुलांच्या आयांसाठी जे ‘हिरकणी कक्ष’ झाले, ते या प्रश्नाला आजवर मिळालेले सर्वांत चांगले उत्तर आहे. आईने कडा उतरावा अशी अपेक्षा तिथे नाही, तिच्यासाठी दार उघडले आहे. या एका पाटीने पाठ्यपुस्तकांवर मात केली, असे आम्ही म्हणू.

आणखी एक सावधगिरी. हिरकणी सुखरूप पोचली म्हणून तिची गोष्ट झाली. जे घसरून पडतात त्यांच्या गोष्टी होत नाहीत. शास्त्रज्ञांची चरित्रे सांगतानाही आपण हीच चूक करतो. झपाटून काम करून यशस्वी झालेल्यांची नावे घेतो आणि झपाटलेपण हेच यशाचे कारण ठरवतो. तसेच झपाटलेले पण अपयशी ठरलेले किती, हे कोण मोजतो? एकाग्रतेची किंमतही असते. १९९९ साली सायमन्स आणि शॅब्रिस यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना चित्रफितीतले चेंडूचे फेके मोजायला सांगितले होते. मधून गोरिलाचा वेष घातलेली व्यक्ती आरामात चालत गेली, आणि जवळजवळ निम्म्या प्रेक्षकांना ती दिसलीच नाही. एका गोष्टीवर लक्ष म्हणजे इतर गोष्टींवर दुर्लक्ष. म्हणून अशा मुलाचे निव्वळ कौतुकही पुरेसे नाही. त्याला जे दिसत नाही ते दाखवणारे कोणीतरी जवळ हवे.

वर्गात काय करावे

प्रगतिपुस्तकात ‘एककल्ली’, ‘एकलकोंडा’ असा शेरा लिहिण्यापूर्वी शिक्षकांनी महिनाभर एक साधी टाचणवही ठेवावी. मूल कोणत्या कामात रमते, किती वेळ रमते, केव्हा विचलित होते आणि कोणाला प्रश्न विचारते, एवढेच टिपावे. विशेषणे लिहू नयेत, क्रियापदे लिहावीत. ‘एककल्ली आहे’ याऐवजी ‘यंत्र खोलताना तास-दीड तास उठत नाही, जोडता आले नाही तर कोणाला विचारत नाही’ असे लिहिले, तर पुढे काय करायचे ते आपोआप कळते. त्याला विचारायला शिकवायचे आहे. हिरकणीनेही आधी विचारलेच होते.

काही मुलांत एकाच विषयाची अतिशय तीव्र ओढ आणि माणसांत मिसळण्यातली अडचण एकत्र दिसते. लक्ष एकाच प्रवाहात ओढले जाणे हे स्वमग्नतेच्या मुळाशी असावे, असा विचार २००५ साली डायना मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला आहे. अशी शंका आली तर निदान शिक्षकांनी करू नये. पालकांशी बोलून त्यांना तज्ज्ञांकडे जायला सुचवावे. तज्ज्ञांच्या निदानातून मुलाला मदत मिळते, शेऱ्यातून फक्त नाव पडते. दोन्हींत गल्लत होऊ देऊ नये.

शेवटी, हिरकणीची गोष्ट वर्गात सांगायची थांबवावी असे आम्हांला मुळीच म्हणायचे नाही. ती सांगावी, पण तिच्यासोबत तीन प्रश्न विचारावेत. ती का उतरली, हा पहिला. त्याचे उत्तर मुले एका आवाजात देतील. कड्याबद्दल तिला काय काय ठाऊक असले पाहिजे, हा दुसरा. इथे भूगोल, खगोल आणि शरीरशास्त्र आपल्या पायांनी वर्गात येईल. तिसरा प्रश्न असा, की त्या रात्री पहारेकऱ्यांसाठी तुम्ही कोणता नियम केला असता, ज्याने गडही सुरक्षित राहिला असता आणि बाळही उपाशी राहिले नसते? या प्रश्नाला वर्गातला एखादा गप्प मुलगा किंवा मुलगी सगळ्यांपेक्षा वेगळे उत्तर देईल. ते फळ्यावर लिहून घ्यावे.